सामरवाड्याच्या मारुतीचे डोळे

सामरवाडे, तालुका शहादे,
पश्चिम खानदेश
ता. ११ जानेवारी १९३८

सुकलाल,

वर 'रा. रा.' लिहायला घेतलं होतं, पण हाताला ते जमेना. गोमाईच्या डोहात आपण दोघांनी एकाच धोतराने मासे धरले, त्याला इतका मान द्यायची मला सवय नाही. 'प्रिय' लिहावं, तर तसं वाटायला पाहिजे.

तुझं पत्र चार वर्षांनी आलं. टपाल अजून हस्तीमलच्याच दुकानात उतरतं. विलायतेचं तिकीट पाहून त्याने पाकीट आधी चार गिऱ्हाइकांना दाखवलं, मग मला दिलं. आठ पानं लिहिलीस, त्यात माझी चौकशी दीड ओळीची. बाकी सगळं तुझं तिथलं ऑल्डकोट गाव. तिथल्या टेकडीवर पडका किल्ला आहे, खाली ओढा आहे, ओढ्यावर तीनशे वर्षांचा दगडी पूल आहे. वसंतात रानात निळी फुलं येतात आणि तुझ्या घरमालकीणबाई तुला दर रविवारी ती दाखवायला नेतात. चर्चच्या फरशीत मेलेल्या सरदारांचे पितळी पत्रे बसवलेत, त्यांवर कागद ठेवून मेणाने घासलं की माणूस जसाच्या तसा उमटतो, आणि पाद्रीबाबा स्वतः दार उघडून देतात. वाचलं सगळं. बरं लिहिलं आहेस. तुझं अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मग सातव्या पानावर मुद्द्याला आलास. जून महिन्यात तिथल्या मंडळापुढे तू 'माझ्या गावाभोवतीचा प्रदेश' या विषयावर बोलणार आहेस. तेव्हा मी इथल्या स्थळांचं टिपण पाठवावं, आणि 'मारुतीच्या दगडाचा जो कागदी ठसा आपण घेतला होता, तो तुझ्याजवळ असेलच, तेवढा पाठवावा.'

स्थळं हवीत ना, घे. पहिलं, नदीचा उतार. पायऱ्या अकरा राहिल्या, तू होतास तेव्हा चौदा होत्या. दुसरं, बारव. पाणी आहे, पण शेवाळ फार. कोनाड्यातली मूर्ती कुणीतरी उचलून नेली, फक्त पाय उरलेत. तिसरं, पीरबाबाची टेकडी. आज पहाटेच वर गेलो होतो. थंडीत सातपुडा फार जवळ आल्यासारखा वाटतो, तोरणमाळाकडची कडा ओळखू येते आणि खाली गव्हाच्या शेतांतून नदीची वाट दिसते. हे तुझ्या मंडळाला आवडेल.

चौथं स्थळ नवीन आहे, तू पाहिलेलं नाहीस. वेशीबाहेर वडाच्या अंगाला, गाव राखणाऱ्या वाहरू जागल्याची झोपडी होती. आता नुसता चौथरा आहे आणि चुलीचे तीन दगड. सात वर्षांत त्यावर तरवड माजलाय. तुझं मंडळ विचारेल, हे अवशेष कोणत्या काळातले, कुणी पाडले. काय सांगशील?

ठसा माझ्याजवळ आहे. घडी करून, पंचांगात ठेवलेला. तो मी पाठवीन, पण आधी तू तुझ्या वडिलांना तीन ओळी लिही. मारुतीचा शेंदूर मी खरवडला, वाहरूचा त्यात काही हात नव्हता, त्याने चोरी केली नाही. खाली सही. बस.

घाई आहे म्हणून सांगतो. वाहरूच्या जागी नेमलेला दगा आता थकला, येत्या अक्षय्य तृतीयेला तो काठी खाली ठेवणार. आखाजीलाच पंच नवा जागल्या नेमतील. तुझं पत्र तोवर आलं, तर वाहरू परत गावात येऊ शकतो. नदीकाठची जागलकीची जमीन त्याला परत मिळते. त्याचं नाव धुऊन निघतं. आखाजी गेली की वर्षभर कुणी ऐकायचं नाही, आणि त्या माणसाजवळ फार वर्षं आहेत असं मला वाटत नाही.

मी स्वतः का सांगत नाही, असं तू विचारशील. माझं ऐकणार कोण? मी लोकल बोर्डाचा मास्तर, तू पाटलाचा मुलगा.

दोधू


ता. ८ मार्च १९३८

सुकलाल,

चार चित्रांची कार्डं पोचली. चर्च पुढून, चर्च मागून, पूल, आणि मेंढ्या. मेंढ्या धष्टपुष्ट आहेत.

पत्रात लिहितोस, 'जुनं उकरून कुणाचं भलं होणार? वडिलांचं वय झालं आहे, त्यांना धक्का बसेल.' उकरण्याचं तूच मला शिकवलंस, सुकलाल. शाळेतून सुटलो की खुरपं घेऊन नदीकाठ उकरत हिंडणारे आपण दोघं. तेव्हा कुणाच्या भल्याचा विचार तुझ्या मनात आल्याचं आठवत नाही. आणि तुझ्या वडिलांची प्रकृती उत्तम आहे. परवाच त्यांनी खळ्यावर सालदाराला असं झापलं की हस्तीमलच्या दुकानापर्यंत ऐकू आलं.

पुढे लिहितोस की त्या दिवसाचे तपशील आता तुला नीट आठवत नाहीत. सरदारांचे चारशे वर्षांचे सनावळीसकट तपशील तुला आठवतात, आणि हा दिवस आठवत नाही. मी आठवण करून देतो. टिपणात पाचवं स्थळ म्हणून घाल हवं तर.

मार्गशीर्षातली पौर्णिमा, सन १९३०. सारंगखेड्याची जत्रा. दरवर्षीप्रमाणे सगळं गाव गाड्या जुंपून गेलं होतं, म्हातारीकोतारी आणि तान्ही पोरंसुद्धा. तू ताप आल्याचं सोंग केलंस. जसोदाकाकूंनी आईच्या काळजीने तुझ्या कपाळाला हात लावून पाहिलं, आणि बाहेर उन्हात बसून तापवलेलं कपाळ त्यांना खरंच गरम लागलं. मी उत्तरपत्रिका तपासायच्या म्हणून राहिलो. राखणीला वाहरू होता, त्याला जत्रा कधीच नसे. एवढे तिघं गावात.

मारुती आपल्या आजोबांच्या काळात नदीच्या पुरात वाहून आलेला. लोकांनी निंबाखाली उभा केला, शेंदूर लावला, आणि दर शनिवारी तेल-शेंदूर चढत गेला. दगड किती आणि शेंदूर किती हे कुणाला सांगता आलं नसतं. वर चांदीचे दोन डोळे. पण खाली डाव्या कडेला शेंदूर जरा उडाला होता आणि तिथे गाईचे दोन खूर दिसत. तू मला तेरा-चौदाव्या वर्षीच विचारलं होतंस, मारुतीजवळ गाई कशाला आल्या? त्या प्रश्नाने तुला पुढे पाच-सहा वर्षं झोप लागू दिली नाही. माझीही तीच गत होती, हे कबूल करतो.

तू वाहरूला बोलावलंस. म्हणालास, 'वाहरू, तू वेशीवर बठ. कोनी उनं तर आवाज दे.' तो गेला. काय चाललंय हे त्याला दिसत होतं, पण पाटलाच्या मुलाने सांगितलं म्हणजे त्याच्या लेखी गावाने सांगितलं. दुपारच्या उन्हात आपण खुरपं लावलं. मला वाटलं होतं कणाकणाने निघेल. तसं झालं नाही. शेंदराची खोळ वरपासून सुटली आणि एका तुकड्यात, डोळ्यांसकट, माझ्या हातात आली. आणि खाली तो निघाला.

खालच्या चौकटीत एक माणूस पाठीवर पडलेला, हातात काठी की भाला सांगता येत नाही, भोवती पाच गाई मान खाली घालून उभ्या. मधल्या चौकटीत दोन बायका त्याला उचलून नेताहेत. वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीसमोर बसलाय. आणि त्याखाली दीड ओळ अक्षरांची. गाव ज्याला मारुती म्हणून तेल घालत होतं, तो गावची गुरं राखताना मारला गेलेला कुणीतरी गडी. तुझे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, एवढं मी आजही म्हणेन. आपण ओला कागद चिकटवला आणि तेलात काजळी कालवून फडक्याने ठोकत ठसा घेतला.

मग खोळ परत बसवायला गेलो तर तिचे तुकडे झाले. तुझ्या घरून शेंदूर आणला, तेलात कालवून फासला. ताजा, पातळ, लालभडक. आंधळ्यालाही कळलं असतं. डोळे बसवायचे राहूनच गेले. सूर्य कलला होता, आणि आपण घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी गाड्या परतल्या आणि आरडाओरडा झाला. तुझ्या वडिलांनी वाहरूला बोलावलं. राखण तुझी होती, डोळे कुठे? त्याच्या आधी अर्धा तास तू त्याला आमच्या गोठ्यामागे गाठलंस. मी गोठ्यातच होतो, ऐकत होतो. 'बापले मी सांगसू. तू चूप ऱ्हाय.' तो गप्प राहिला. चावडीवर मारलं, तरी गप्प राहिला. शहाद्याहून पोलीस आले. चोरी, देवाची विटंबना, आणि त्यात जातीचा भिल्ल, कुणाला साक्षीपुराव्याची फार गरजच वाटली नाही. सहा महिने तो धुळ्याला आत होता. मधे माघात गारा पडल्या, गहू झोपला, आणि ती गारपीटही त्याच्याच खात्यावर पडली. बायकोला गावाने हाकललं. सुटल्यावर तो वर डोंगरात गेला.

तू त्यापूर्वीच पुण्याला कॉलेजात गेला होतास. वडिलांना सांगायचं राहून गेलं असेल. सामान बांधायची घाई होती.

पळस फुललाय. टेकडीवरून पाहिलं तर नदीपलीकडचं रान पेटल्यासारखं दिसतं. हेही टिपणात घाल. आखाजीला आठ आठवडे आहेत. तीन ओळी.

दोधू


ता. २१ एप्रिल १९३८

सुकलाल,

वडिलांच्या नावचं पत्र माझ्या पाकिटात घालून पाठवलंस आणि 'तूच वाचून दाखव' म्हणालास. चांगली युक्ती. पत्र मी वाचलं, आधी एकट्याने, शाळेत, दार लावून.

'सात वर्षांपूर्वी सामरवाडे येथे एका प्राचीन शिल्पाची पाहणी काही जिज्ञासू हातांकडून झाली असावी, आणि त्यात झालेल्या गैरसमजातून एका गरीब सेवकाला त्रास सोसावा लागला असावा, असे वाटण्यास जागा आहे.' वा. जिज्ञासू हात. हे हात कुणाच्या खांद्याला होते, ते वाचणाऱ्याने शोधावं. एवढं बोलणं विलायतेला शिकलास की पुण्याला? हे पत्र पंचांपुढे वाचलं असतं तर त्यांना वाटलं असतं की सरकारी जाहीरनामा आहे, आणि सारा माफ होणार की काय, म्हणून ते खुश झाले असते.

मला राग आला. रागाच्या भरात मी ते फाडलं. माझ्याकडून चूक झाली असेल, पण पंचांपुढे वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण सोबत मला जे पत्र लिहिलंस, त्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'डोळ्यांविषयी मात्र मला काही विचारू नकोस. खोळ तुझ्या हातात होती.'

होती. बरोबर आहे.

सुकलाल, मी तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत ही गोष्ट आडबाजूला ठेवली. डोळे माझ्याकडे आहेत. त्या दिवशी खोळीचे तुकडे होताना ते गळून पडू नयेत म्हणून मी उपसून बंडीच्या खिशात टाकले. परत लावायचे, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी बोंब झाली तेव्हा ते माझ्या खिशातच होते. मी गर्दीत उभा होतो, आणि खिशात हात घालून ते मुठीत धरले होते. त्याच क्षणी पुढे होऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन चपराका, फार तर बोर्डाकडे तक्रार, नोकरी गेली असती. वडील नव्हते, आई माझ्याच आधारावर. पण आई पुढच्या पावसाळ्यात वारली, आणि मग कुठलं कारण होतं? काही नव्हतं. संध्याकाळ झाली की उद्या सांगू म्हणायचो. तुला धारेवर धरायचा मला हक्क नव्हता, आणि गेल्या चार महिन्यांत मी तेच करत आलो. तुझ्या तीन ओळींवर अडून बसलो, कारण त्या आल्या असत्या तर माझ्या मला लिहाव्या लागल्या नसत्या.

तू लबाड आहेस हे माझं मत बदललेलं नाही. फक्त त्या यादीत मी दुसरं नाव घातलंय.

आखाजीला अकरा दिवस आहेत. आता तुझ्या पत्राला वेळही नाही आणि मला त्याची वाट पाहायची नाही. आखाजीला सकाळी पंच निंबाखाली बसतील, तिथे मी जातो. डोळे नेतो. सगळं सांगतो, तुझ्या नावासकट. तुला हे आधी कळावं म्हणून लिहितोय, पण पत्र पोचेल तेव्हा होऊन गेलेलं असेल.

पोरींनी निंबाच्या मोठ्या फांदीला आत्तापासून झोके बांधलेत. घराघरात सांजोऱ्यांची तयारी. माहेरवाशिणी येऊ लागल्यात. लोक खुशीत आहेत, एवढं एक बरं. कदाचित ऐकतील.

दोधू


ता. १७ मे १९३८

सुकलाल,

ठसा या पत्राबरोबर पाठवतोय. अट काढून घेतली. तुझं भाषण जूनमध्ये आहे, वेळेवर पोचेल. दीड ओळीतले फार तर चार शब्द मला लागले, 'गाई', 'राखता', 'पडला', आणि शेवटी कुणा बायकोने की आईने दगड घातला असं काहीतरी. नावाच्या जागी दगडाचा टवका गेलाय. ऑल्डकोटच्या सरदारांची नावं पितळेत आहेत, तिथे असं होत नसेल.

आता आखाजीचं सांगतो. आडपडदा ठेवत नाही.

सकाळी आठाला पंच बसले. तुझे वडील मध्ये, नवा फेटा बांधून. दगाने काठी ठेवली, नारळ फोडला. मी पुढे झालो आणि बोललो. खाली बघत बोललो, पण सगळं बोललो. जत्रेचा दिवस, तुझं सोंग, वाहरूला वेशीवर बसवणं, खुरपं, ठसा, गोठ्यामागचं तुझं बोलणं. मग डोळे काढून तुझ्या वडिलांच्या पुढ्यात घोंगडीवर ठेवले. काळे पडलेत, पण ओळखू येतात. मला वाटलं होतं आता कल्लोळ होईल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. शाळेच्या चाव्यासुद्धा बरोबर नेल्या होत्या.

एकाने तंबाखू मळली. तुझ्या वडिलांनी डोळे उचलून फिरवून पाहिले आणि म्हणाले, 'मास्तर, त्या दिन गावमां तीन माणसं व्हतात. मन्हा पोऱ्या, तुम्ही, आनि वाहरू. तीन मोजाले आमले शाया लागस का?'

मी म्हणालो, म्हणजे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?

'सगया गावले म्हाईत व्हतं.'

मग वाहरूला का धाडलं, मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण झोक्यावरच्या पोरी थांबल्या. तुझे वडील रागावले नाहीत. उलट लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, 'मंग कोनले धाडतू? पोऱ्याले? तुमले धाडतू तर शाया बंद पडती.'

एवढंच. गावाने सात वर्षांपूर्वी हिशोब करून ठेवला होता. पाटलाचा मुलगा शिकून मोठा होणार, मास्तर पोरांना शिकवणार, आणि गारा पडल्या तर कुणाच्या तरी नावावर पडायला हव्यात. तुझं नाव, माझं नाव, सगळं त्यांनी झाकून ठेवलं होतं, आणि आपण दोघं इतकी वर्षं समजत होतो की गुपित आपलं आहे. मी तुझ्यावर चिडत राहिलो, तू माझ्यापासून लपत राहिलास, आणि निंबाखाली दर आखाजीला ही माणसं माझ्याकडे बघून मनात काय म्हणत असतील, ते आता मला कळतं.

वाहरूला परत बोलवा, मी म्हणालो. तुझे वडील म्हणाले, वाहरूचं नाव निघालं की सुकलालचं निघणार, ते कशाला. पुढच्या वर्षी तो विलायतेहून येईल, मामलेदार व्हायचा आहे. जागलकी दगाच्या पुतण्याला दिली. डोळे तुझ्या वडिलांनी उपरण्यात बांधले, 'सणले लावाले व्हतीन' म्हणाले. आणि मला पानसुपारी दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पानसुपारी घेऊन घरी आलो. शाळेच्या चाव्या कुणी मागितल्या नाहीत.

चौथ्या दिवशी सुट्टी पाहून निघालो. तळोद्यापर्यंत गाडी मिळाली, पुढे पायी. दोन मुक्काम करून मोलगी, आणि तिथून चार कोसांवर वाहरूचा पाडा. तू हा रस्ता पाहिलेला नाहीस. डोंगर या दिवसांत पार उघडे असतात, सागाला पान नाही, पण एक वळण घेतलं की खाली ओढ्याकाठी हिरवंगार आंब्याचं बन लागतं, पाणी खडकावरून नितळ वाहत असतं. बायका चारोळ्या वेचत होत्या. चांगली जागा आहे. पाहायला आलेल्या माणसाला चांगलीच वाटेल.

वाहरू अंगणात दोर वळत बसला होता. केस पांढरे झालेत, डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, ती चावडीवरच्या मारापासून. मला पाहून उठला. 'बठा मास्तर. पानी पिवा.' त्याची बायको मला ओळखून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. पंचांपुढे कबूल केल्याचं सांगितलं, गावाला आधीपासून ठाऊक असल्याचं सांगितलं, जागलकी दुसऱ्याला गेल्याचं सांगितलं. तो दोर वळत ऐकत होता. शेवटी मी म्हणालो, वाहरू, मला माफ कर म्हणायला आलोय, आणि सुकलालने तुला शब्द दिला होता, तो त्याने मोडला. तुझ्यावर ढकलायची सवय अजून गेली नव्हती, बघ.

तो म्हणाला, 'सुकलालभाऊनं ऱ्हाऊ द्या. तो पाटीलना पोऱ्या. तो सांगनार नही, हे माले तवयच समजनं व्हतं.'

मग गप्प का राहिलास, मी विचारलं.

त्याने दोर बाजूला ठेवला. आवाजात राग नव्हता, काल घडलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. 'मी तुमनी वाट देखी, मास्तर. पोलीस माले धरीसन लई चालनात तवय शायाम्होरे थांबनात, बिडी पेटाडाले. आतमां पोरे पाढा म्हनी ऱ्हायनात. तुम्ही खिडकीमां व्हतात. तुम्ही माले देखं, मी तुमले देखं. माले वाटनं, पाढा सरना का मास्तर बाहेर येतीन, सांगतीन. पाढा सरनाच नही.'

तुला हे ठाऊक नाही, सुकलाल. तू त्या वेळी घरात होतास. आजवर मी हे कुणालाच सांगितलेलं नाही, गेल्या तीन पत्रांतही नाही, पंचांपुढेही नाही. पोरं एकोणतिसाचा पाढा म्हणत होती. तो संपला तेव्हा मी तिसाचा म्हणायला लावला, आणि तो संपला तेव्हा पुन्हा दोनपासून. बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने म्हणा, असं मीच त्यांना दरडावून सांगत होतो.

दोधू